कॉमिकच्या पानातून आलेला हात

पेन्सिलीने काढलेला एक हात कॉमिकच्या पानातून सरळ बाहेर येतो. कॅफेतल्या टेबलावर, कॉफीच्या कपाशेजारी! मनगट अजून कागदात आणि बोटं बाहेर हवेत. समोर बसलेली मुलगी मात्र हाडामांसाची. ती क्षणभर बिचकते, मग तो हात धरते आणि चक्क पानात शिरते. मी एवढ्या मोठ्यानं "अगं बाई!" म्हणाले की आतल्या खोलीतून "काय झालं?" अशी विचारणा झाली. काय सांगणार? एक मुलगी कागदात गेली म्हणून?

हा व्हिडिओ ज्या गाण्याचा, ते गाणं आहे 'टेक ऑन मी'. 'आ-हा' या नॉर्वेच्या तिघांच्या बँडचं, 1985 सालचं, न्यू वेव्ह आणि सिंथ-पॉप हे संगीतप्रकार ऐन भरात होते तेव्हाचं. जगाला ते कधीचं पाठ आहे. यूट्यूबवर 2020 मध्येच त्यानं 100 कोटींचा आकडा गाठला. माझ्यापर्यंत ते आत्ता पोचलंय आणि मी दिसेल त्याला धरून ते दाखवत सुटलेय. आज तुम्ही सापडलात.

तर गोष्ट अशी. मुलगी कॉमिक वाचतेय. त्यात साइडकार जोडलेल्या मोटरसायकलींची शर्यत रंगलीय. जिंकलेला नायक चौकटीतूनच तिला डोळा मारतो. मग तो हात! आत गेल्यावर तीही पेन्सिलीची होते. दोघांच्या मधे एक आरशासारखी चौकट आहे. तिच्यातून पाहिलं की माणूस खराखुरा, बाजूला सरकलं की नुसत्या रेघा. इकडे कॅफेतली बाई येऊन बघते तर गिऱ्हाईक गायब! बिल बुडवून पळाली असं समजून ती कॉमिक चुरगाळते आणि केराच्या टोपलीत भिरकावते. बाहेर कागद चुरगाळला आणि आत दोघांच्या जिवावर बेतलं. हरलेले प्रतिस्पर्धी हातात भलामोठा पाना घेऊन मागे लागतात, आरसा फोडतात, आणि नायक कागदाची भिंत फाडून तिला बाहेर काढतो. हे सगळं रामायण जेमतेम चार मिनिटांत!

आता त्या रेघा नीट बघा. व्हिडिओ थांबवून बघा. त्याच्या गालावरचं शेडिंग, केसांमधल्या तिरप्या रेघोट्या. आता पुढे जाऊ द्या. एकही रेघ जागेवर राहत नाही, सगळं चित्र सळसळत असतं. याला कारण आहे. हे रोटोस्कोपिंग आहे, म्हणजे आधी खऱ्या माणसांवर चित्रीकरण करायचं आणि मग त्यातली एकेक फ्रेम समोर घेऊन तिच्यावरून हातानं चित्र काढायचं. हालचाल खऱ्या माणसाची, पण रेघ प्रत्येक वेळी नवी. माणसाचा हात तीच रेघ पुन्हा हुबेहूब काढू शकत नाही, म्हणून ती हलते, म्हणून ती जिवंत वाटते! मायकल पॅटरसन आणि कँडिस रेकिंगर या जोडप्यानं सुमारे 3000 फ्रेम केल्या. 16 आठवडे लागले. पॅटरसनची विद्यार्थीदशेतली 'कम्यूटर' नावाची छोटी पेन्सिल-फिल्म या कामाला कारण ठरली. दिग्दर्शक स्टीव्ह बॅरन, मायकल जॅक्सनच्या 'बिली जीन'चा व्हिडिओ करणारा तोच.

आणि गाणं! आधी ड्रम मशीनचा कोरडा, घाईचा ठेका. मग कीबोर्डवरची ती धून, बँडमधल्या मॅग्ने फुरुहोल्मेननं शाळकरी वयात रचलेली, एकदा कानात शिरली की भाडं न देता राहणारी. मग बँडचा गायक मॉर्टन हार्केट गायला लागतो आणि ध्रुवपदात त्याचा आवाज खर्जातून निघून वर, आणखी वर, शेवटी थेट तार सप्तकात जातो. एकूण अडीच सप्तकांचा पल्ला. शेवटच्या टोकाला छातीचा आवाज पुरत नाही, म्हणून हार्केट तो सोडून देतो आणि फॉल्सेटोत उडी मारतो.

इथेच मला लख्ख दिसलं की व्हिडिओ आणि गाणं एकच गोष्ट सांगतायत! शेवटी नायक कागदातून सुटायला धडपडतो, चौकटीच्या या भिंतीवर आपटतो, त्या भिंतीवर आपटतो, क्षणात रेघ, क्षणात माणूस. आवाजही तेच करतोय. आपल्या चौकटीत मावत नाही म्हणून बाहेर झेपावतोय. चित्र गाण्यावर चिकटवलेलं नाही, ते त्या सुरातूनच निघालंय.

म्हणूनच या गाण्याचा इतिहास वाचून मी उडालेच. 1984 मध्ये हे गाणं ब्रिटनमध्ये आलं आणि आपटलं. तेव्हाही व्हिडिओ होता. निळ्या पडद्यापुढे तिघे उभे राहून गातायत, बस्स. मग अ‍ॅलन टार्नी या निर्मात्यानं ते नव्यानं ध्वनिमुद्रित केलं. तेही पडलं! वॉर्नर ब्रदर्सच्या जेफ एरॉफनं हा पेन्सिलीचा व्हिडिओ करून घेतला आणि मग 19 ऑक्टोबर 1985 च्या बिलबोर्ड यादीत गाणं अमेरिकेत पहिलं. पुढच्या वर्षी एमटीव्हीचे सहा पुरस्कार. सूर तेच होते, लोकांना ते आता दिसायला लागले.

शेवट गोड आहे. ती मुलगी चुरगाळलेलं कॉमिक घेऊन घरी पळते, पान सरळ करते, नायक निपचित पडलेला बघून रडते, आणि तो धडपडत तिच्या घरात येऊन उभा राहतो. खराखुरा! मी खूश. आणि मग मी पुढचा व्हिडिओ लावला. 'द सन ऑल्वेज शाइन्स ऑन टीव्ही', दिग्दर्शक पुन्हा बॅरनच. सुरुवातीलाच दोघं रात्रीच्या जंगलात, आणि त्याच्या चेहऱ्यावर पेन्सिलीच्या रेघा परत उमटतात! तो पळून जातो, ती एकटी. आणि यात कमाल अशी की ब्रिटनमध्ये 'टेक ऑन मी' दुसऱ्या क्रमांकावर अडकलं होतं, हे मात्र पहिल्या क्रमांकावर गेलं. मिलन घडवलं तर दुसरा नंबर, ताटातूट केली तर पहिला! काय म्हणावं या ब्रिटिश जनतेला!

तेव्हा दोन्ही जरूर बघा, पण लागोपाठ बघू नका. मधे एक दिवस तरी जाऊ द्या. एवढं कागद फाडून आलेत बिचारे, एक दिवसाचा संसार तरी होऊ दे त्यांचा.