हैदराबादेंतील चार दिवस

दूरच्या देशांत पाठीवर पिशवी अडकवून हिंडणाऱ्या तरुणांच्या हकीकती हल्लीं आमचे विद्यार्थी मोठ्या आवडीनें वाचतात. परवां एका मुलानें ब्राझील देशांतील साओ पाउलो या अफाट शहराचें चित्र मला दाखविलें आणि विचारलें, "सर, अशा शहरांत आपण पायीं हिंडूं शकूं काय?" मीं त्यास म्हटलें, "शहर केवढें आहे तें मागाहून पाहूं. सोबत कोण आहे आणि पाठीवर काय आहे, तें आधीं सांग." तास संपल्यामुळें या उत्तराचा खुलासा राहून गेला. तो येथें करतों.

आमचें आखाडा बाळापूर आज हिंगोली जिल्ह्यांत मोडतें. हा जिल्हा १ मे १९९९ रोजीं परभणी जिल्ह्यांतून वेगळा झाला. परंतु आमच्या आजोबांच्या पिढीस राजधानी म्हणजे हैदराबाद. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या संस्थानांत होता, व १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा मुंबई राज्यास जोडला जाईपर्यंत तो हैदराबाद राज्यांत राहिला. वरिष्ठ न्यायालय तेथें, विद्यापीठ तेथें, आणि बाजारांत चालणारा हाली शिक्काही तेथलाच. त्यामुळें "तो हैदराबादेस जाऊन आलेला आहे" या वाक्यास जुन्या माणसांच्या तोंडीं फार वजन असे.

सन २००३ च्या नाताळांत आम्ही चौघे मित्र हैदराबादेस निघालों. सण घरीं करून दुसऱ्या दिवशीं निघावयाचें, प्रत्येकाच्या पाठीवर एकच पिशवी असावी, आणि शहरांत पायींच फिरावें, असे आमचे नियम होते. पिशवींत एक चादर, कपड्यांचा एक जोड, पाण्याची बाटली व चार दिवस टिकतील असे धपाटे. खर्चाचे पैसे एकाकडे ठेवले होते. तो आमच्यांत सर्वांत चिकट म्हणून प्रसिद्ध होता.

नांदेडच्या एस. टी. मध्यें बसणार, इतक्यांत एका मित्राचे वडील धांवतपळत स्थानकावर आले. त्यांच्या हातांत धडप्यांत बांधलेलें एक गांठोडें होतें. त्यांचा थोरला मुलगा दोन वर्षांपूर्वीं कर्जाच्या बोलाचालीवरून घर सोडून गेला होता. तो हैदराबादेंत दिसल्याचें हळदीची खेप घेऊन गेलेल्या एका मालमोटारवाल्यानें सांगितलें होतें. याहून अधिक कांहीं कळलें नव्हतें. म्हातारबाबा म्हणाले, "तिळाचे लाडू हायत. सापडला तर त्याला द्या. न्हाई सापडला तर तुमी खा." गाडी सुटली, तरी मित्र तें गांठोडें मांडीवर घेऊन मुकाट्यानें बसला होता.

रात्रीच्या आगगाडीनें निजामाबादेवरून सकाळीं काचीगुडा स्थानकावर उतरलों. माझ्या एका गुरुजींनीं दिलेल्या चिठ्ठीमुळें एका प्रार्थनामंदिराच्या आवारांत निजावयास खोली मिळाली होती. तेथें तोंड धुऊन आम्ही चारमिनारकडे चालूं लागलों. मुहंमद कुली कुतुबशहानें १५९१ सालीं उभारलेली ती वास्तु चार रस्त्यांच्या मधोमध उभी आहे. बांगड्यांचे गाळे, अत्तरवाले, फळांच्या हातगाड्या यांची तेथें इतकी दाटी कीं, चौघांनीं एकमेकांच्या पिशव्या धरून चालावें. वाट विचारतांना मात्र परकेपणा वाटला नाहीं. तेथल्या दखनी बोलींत "नक्को" ऐकलें म्हणजे आपलें मराठी "नको" मुलखावेगळा पोशाख करून भेटल्यासारखें वाटतें.

परंतु माझें लक्ष पुन्हांपुन्हां त्या मित्राकडे जाई. आम्ही मिनारांकडे पाहत होतों; तो माणसांच्या तोंडांकडे पाहत होता. कोणी पाठमोरा उंच तरुण दिसला कीं त्याचीं पावलें झपाट्यानें पडत, आणि मग हळू होत. लाखों माणसांच्या शहरांत एक माणूस शोधणें म्हणजे काय, हें मला त्या दिवशीं कळलें.

दुसऱ्या दिवशीं गोवळकोंडा पाहिला. फत्ते दरवाजाच्या घुमटाखालीं टाळी वाजविली असतां ती वर बालाहिसारापर्यंत ऐकूं येते. आमच्यापैकीं दोघे वर गेले, दोघे खालीं राहिले, आणि टाळी खरोखर पोहोंचली. १६८७ सालीं हाच किल्ला औरंगजेबानें आठ महिन्यांच्या वेढ्यानंतर घेतला. तेथें भक्त रामदासाची कोठडीही आहे. हे भद्राचलमचे रामदास म्हणजे गोपन्ना नांवाचे सरकारी अंमलदार. सरकारी वसुलाचा पैसा त्यांनीं राममंदिराच्या कामीं लावला, म्हणून तानाशहानें त्यांस येथें कोंडलें, अशी कथा आहे. आपल्या मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनीं दुष्काळांत बादशाही कोठारें लुटविलीं, त्याच जातीची ही गोष्ट. कोठडींतून बाहेर येतांना मित्र हळूच म्हणाला, "सुटकेची वाट पाहणारा कोणी तरी घरीं असतोच."

त्या संध्याकाळीं धपाटे संपले. खजिनदारानें चहासोबत एकेक उस्मानिया बिस्किटापलीकडे परवानगी दिली नाहीं. गांठोडें खोलीच्या कोनाड्यांत होतें व तिळाचा वास चौघांच्याही नाकांत होता. परंतु त्याकडे कोणीं हात नेला नाहीं. तें उघडणें म्हणजे शोध संपला असें म्हणणें होतें. त्याच रात्रीं खजिनदाराला एक युक्ति सुचली. "मालमोटार हळदीची होती ना? मग हैदराबादेंत हळद उतरते कोठें, तें विचारूं."

सकाळीं उत्तर मिळालें: बेगम बाजार. वाट मुसी नदीच्या पुलावरून व उस्मानिया रुग्णालयाच्या बाजूनें जात होती. रुग्णालयाच्या आवारांत एक जुनें चिंचेचें झाड आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजीं मुसीस महापूर आला व सुमारें पंधरा हजार माणसें मेलीं. त्या प्रलयांत या एका झाडावर चढून सुमारें दीडशें जीव वांचले, असें सांगतात. पुढें विश्वेश्वरय्या या विख्यात अभियंत्यांच्या सल्ल्यानें वरच्या अंगास धरणें बांधण्यांत आलीं. उस्मानसागर १९२० त व हिमायतसागर १९२७ त पुरा झाला. मीं चारमिनार पुन्हां पाहिला आहे, गोवळकोंडाही पाहिला आहे. पण हैदराबाद म्हटलें कीं मला प्रथम ती चिंच आठवते.

बेगम बाजारांत मिरचीनें ठसका लागत होता. एका वखारीपुढें हमालांची रांग पोतीं उतरवीत होती, आणि त्यांत कोणीतरी "सरक की बाजूला!" असें अस्सल आपल्याकडचें ओरडला. मित्र जागच्या जागीं थबकला. पोत्याखालीं वांकलेला तो त्याचा भाऊच होता. केसांवर, भुवयांवर हळद पडलेली. त्यानें आम्हांस पाहिलें, तरी पोतें थप्पीवर नीट लावूनच तो आला. दोघे भाऊ कांहीं वेळ बोललेच नाहींत. मग थोरल्यानें विचारलें, "बाबाचा गुडघा कसा हाय? आन् ढवळ्या हाय का इकला?"

बैल विकला नव्हता. तें ऐकून त्यानें तोंड फिरविलें व उपरण्यानें डोळे पुसले. हळद गेली म्हणाला. गांठोडें त्यानें तेथेंच सोडलें आणि पहिला लाडू मुकादमाला, दुसरा आम्हांला दिला. आमच्यासंगें येण्यास मात्र तो कबूल झाला नाहीं. कर्जापैकीं थोडें उरलें आहे, तें फेडल्याशिवाय बापासमोर उभा राहणार नाहीं, असें म्हणाला. धाकट्यानें पुष्कळ विनविलें, रागावलाही. अखेर चौथ्या दिवशीं रात्रीं तो स्थानकावर पोहोंचवावयास आला. बापासाठीं त्यानें एक घोंगडी घेतली होती. ती आमच्या पिशव्यांत मावेना, म्हणून आम्ही पाळीपाळीनें खांद्यावर घेतली. पुढें गुढीपाडव्यास तो गांवीं आला, आणि त्या वर्षीं त्यांच्या शेतांत पेरणी दोघां भावांनीं मिळून केली.

विद्यार्थिमित्रांनो, जग पाहण्याची हौस उत्तम आहे. ती अवश्य बाळगा. आपलें सामान हलकें ठेवा, म्हणजे दुसऱ्यानें दिलेलें गांठोडें घ्यावयास जागा राहील. वाट विचारावयास लाजूं नका, आणि ज्या गांवीं जाल तेथें इमारतींबरोबर ओझीं वाहणाऱ्या माणसांकडेही पाहा; त्यांत कोणाचा तरी भाऊ असतो. पालकांस एवढीच विनंती कीं, मुलें विश्वासू सोबत घेऊन निघालीं तर त्यांस अडवूं नये. पैसे बेतानेंच द्यावे, धपाटे मात्र एखाद्या दिवसाचे अधिक बांधावे.