आपल्यांनी केलं तर

नंदगडला बाहेरचा माणूस येतो तो बहुधा संगोळ्ळी रायण्णाच्या समाधीसाठी. खानापूरहून हल्याळकडे जाताना लागणारं हे गाव. 26 जानेवारी 1831 रोजी इंग्रजांनी रायण्णाला इथं फाशी दिली. समाधीवर वड आहे. मूल व्हावं म्हणून बायका तिथं पाळणा बांधून जातात, त्यांत मराठी घरातल्याही असतात आणि कन्नड घरातल्याही. इंग्रजांच्या लेखी हा माणूस कचेऱ्या जाळणारा, खजिने लुटणारा बंडखोर होता. आमच्या लेखी तो कोण आहे हे सांगायला नको. त्यामुळे या गावात दहशतवादावर काही बोलायला तोंड उघडलं की एखादा तरुण वडाकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, "त्यांच्या कागदात ह्यो पण अतिरेकीच की." मुद्दा खोटा नाही, पण तेवढ्यावर थांबण्यासारखाही नाही. त्याच्याकडे पुढे येतो.

2018 साली आमच्या भागाचं नाव वेगळ्याच कारणानं वर्तमानपत्रांत आलं. आदल्या वर्षी, 5 सप्टेंबर 2017 रोजी, बंगळूरच्या पत्रकार गौरी लंकेश यांचा त्यांच्या घराच्या दारात गोळ्या घालून खून झाला होता. कर्नाटकच्या विशेष तपास पथकानं त्या प्रकरणात जे मांडलं त्यात असं होतं, की मारेकऱ्यांना पिस्तूल चालवण्याचा सराव बेळगाव-खानापूर भागातल्या रानात दिला गेला. तपास यंत्रणेचं म्हणणं म्हणजे न्यायालयाचा निकाल नव्हे, हे मनात धरूनच पुढचं लिहितो आहे. तरीही वाचताना पोटात गोळा आला. या रानात भ्यायचं ते अस्वलाला, एवढंच आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत. करवंदाच्या दिवसांत पोरं आत शिरतात, दिवस कलायच्या आत परततात. त्याच झाडीत कोणी माणूस मारायचा नेम धरत होतं म्हणे.

चहाच्या टपरीवर ती बातमी मोठ्यानं वाचली गेली आणि पहिला प्रश्न आला, "आपल्या गावचा कोण हाय काय त्यात?" कोणी नव्हता. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि बोलणं पावसावर आणि भाताच्या रोपावर गेलं. मला त्या सुटकेबद्दल लिहायचं आहे. ती मलाही वाटली होती, आणि ती वाटण्यात पाप आहे असंही मी म्हणणार नाही. पण गावचा कोणी असता तर आम्ही काय केलं असतं, हा प्रश्न त्या टपरीवर कोणी काढला नाही.

रस्त्यावर उतरणं आम्हाला नवं नाही. 1 नोव्हेंबरला काळा दिन पाळणं, काळ्या फिती लावून सायकल फेरीत जाणं, 17 जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना अभिवादन करणं, 1 जूनला 1986 च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात गोळीबारात पडलेल्यांसाठी हिंडलग्याला जमणं, हे सीमाभागातल्या मराठी घरात कॅलेंडरवर खुणा करून ठेवावं लागत नाही, अंगवळणी पडलेलं आहे. निषेधाचा ठराव कसा लिहावा, घोषणा कुठं थांबवावी, पोलीस परवानगी नाकारणार हे धरून किती आधी अर्ज द्यावा, यात आमचा हात धरणारा महाराष्ट्रात सापडणार नाही. मात्र या सगळ्या तारखा आमच्यावर झालेल्या अन्यायाच्या आहेत. आमच्यातल्या कोणी दुसऱ्यावर केलेल्या अन्यायाची एकही तारीख आमच्या कॅलेंडरात नाही. शेजाऱ्याच्याही नाही, हे खरं. पण त्याचा हिशेब त्यानं करावा.

यातली सर्वांत बोचणारी गोष्ट नकाशाची आहे. नरेंद्र दाभोलकर यांना 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर मारलं. गोविंद पानसरे यांच्यावर 16 फेब्रुवारी 2015 रोजी कोल्हापुरात, सकाळचं फिरून घरी परतताना, गोळ्या झाडल्या. चार दिवसांनी ते गेले. त्याच वर्षी 30 ऑगस्टला धारवाडात वचनसाहित्याचे अभ्यासक एम. एम. कलबुर्गी यांना राहत्या घराच्या दारात मारलं. मग गौरी लंकेश. पुणे, कोल्हापूर, धारवाड, बंगळूर ही शहरं नकाशावर जोडा. ती रेघ बेळगाववरून जाते. कलबुर्गी आणि गौरी यांच्यावर एकच 7.65 मिलिमीटरचं गावठी पिस्तूल चाललं, असा न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा निष्कर्ष आहे. महाजन आयोगाचा अहवाल 1967 चा, महाराष्ट्रानं सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला सीमादावा 2004 चा, आणि आम्ही अजून कुठलं गाव कोणाचं यावर तारखा मोजतो आहोत. कट रचणाऱ्यांना, ते कोणीही असोत, सीमाप्रश्न आडवा आला नाही. तपासात मराठी नावं आली, कन्नड नावंही आली. दोन भाषांच्या माणसांनी इतक्या सलोख्यानं मिळून केलेलं काम या भागात दुसरं आठवत नाही, आणि ते काम हे.

निषेधाला मात्र सीमा आडवी येते. पुण्यात अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते दर महिन्याच्या 20 तारखेला त्या पुलावर उभे राहत आले. कोल्हापुरात पानसऱ्यांचे सोबती 'निर्भय मॉर्निंग वॉक'ला निघाले. ज्या वेळी माणूस मारला, त्याच वेळी फिरायचं ठरवलं. याहून नेमका निषेध मला सुचत नाही. गणेश देवी बडोद्याचं बिऱ्हाड हलवून धारवाडला राहायला आले, तोही एक निषेधच. पण मराठी माणूस दाभोलकर-पानसऱ्यांसाठी हळहळला आणि कन्नड माणूस कलबुर्गी-गौरींसाठी. जमलेल्यांच्या पलीकडे जो मोठा समाज असतो, त्याचं दुःख भाषेप्रमाणे वाटून गेलं. बेळगावचा माणूस सकाळी दोन्ही भाषांचे पेपर वाचू शकतो. दोन्ही दुःखं एका सभेत आणणं त्याच्याइतकं कोणालाच सोपं नव्हतं.

"आमी काय केलंय? आमी कशाला बोलायचं?" हा सवाल मला रास्त वाटतो, आणि त्याचं उत्तर देताना घाई करू नये. कारण हाच सवाल आपण दुसऱ्याला करू देत नाही. 26 नोव्हेंबर 2008 नंतर मुंबईतल्या मुसलमानांनी काय करायचं ठेवलं? मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्ताननं मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना दफनाला जागा नाकारली. बकरी ईदला लोकांनी काळ्या फिती बांधून नमाज पढला. ते हल्लेखोर तर पाकिस्तानातून आलेले, मुंबईच्या मुसलमानाचे देशबांधवही नव्हते. तरी त्यांनी ते केलं आणि मोठं केलं. आणि तरीही पुढच्या प्रत्येक स्फोटानंतर कुठल्याशा टपरीवर "हे लोक बोलत का नाहीत" हे वाक्य ऐकू आलंच. मागून घेतलेल्या निषेधाचं असं होतं. सावकाराच्या व्याजासारखा तो दरवेळी नव्यानं मागितला जातो आणि मुद्दल तसंच राहतं.

दुसऱ्या टोकाचं उदाहरण आपल्या घरचं आहे. 30 जानेवारी 1948 ला गांधीजींचा खून करणारा मराठी होता. त्यानंतर पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर भागात जमाव ब्राह्मणांच्या घरांवर चालून गेले. गावोगावची घरं जळाली, कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओही जळाला. त्याला कोणी निषेध म्हणू नये. एका जातीच्या सगळ्यांना एका खुनात गोवून टाकणं ही दहशतीचीच दुसरी पाळी होती. दुःख असं की त्या जाळपोळीच्या धुरात खरा प्रश्न विरून गेला. ज्यांची घरं जळाली ते आपोआप पीडित झाले, ज्यांनी जाळली ते गप्प झाले, आणि आपल्या समाजात त्या खुनाला होकार देणारी हवा कुठून आली यावर मराठीत जी शांत, लांबलचक, उघड चर्चा व्हायला हवी होती ती झाली नाही. आजही त्या दिवसाचा विषय काढला की निम्मी बैठक पाकिस्तानला द्यायच्या 55 कोटींवर जाते आणि उरलेली जळालेल्या वाड्यांवर.

राज्यकर्त्यांसाठी केलेला निषेध हा आणखी एक प्रकार. 1 जुलै 1909 ला लंडनमध्ये मदनलाल धिंग्रानं कर्झन वायली या इंग्रज अधिकाऱ्याला मारलं. चार दिवसांनी कॅक्स्टन हॉलमध्ये तिथल्या हिंदी लोकांची सभा भरली, आगाखान अध्यक्ष, धिक्काराचा ठराव एकमतानं पास म्हणून जाहीर होत असताना सावरकर उठून म्हणाले, एकमत नाही. सभागृहात मारामारी झाली. सावरकरांचं राजकारण मला पटत नाही, पण त्या सभेत काहीतरी खोटं होतं हे मला मान्य आहे. मालकाला आपली निष्ठा दिसावी म्हणून उभा राहिलेला माणूस खुनाबद्दल बोलत नसतो, स्वतःच्या नोकरीबद्दल बोलत असतो.

मग उरतं काय? कोणी न मागता, कोणाला न दाखवता, ज्यांना भीती वाटते आहे त्यांच्यासाठी केलेला निषेध. धारवाडातल्या एखाद्या म्हाताऱ्या अभ्यासकाला वचनसाहित्यावर आपलं मत लिहिताना दाराची घंटा वाजली तर दचकायला होतं; त्याला कळलं पाहिजे की ज्या रानाचं नाव आलं त्या रानालगतची माणसं मारेकऱ्यांच्या बाजूची नाहीत. हे त्याला आपोआप कळत नाही. आमच्या मौनाचा अर्थ आम्ही "आमचा संबंध नाही" असा लावतो. त्याच्या दारापर्यंत पोचेतो त्याचा अर्थ "आमची हरकत नाही" असा झालेला असतो.

असा निषेध कृत्याचा करावा, माणसांचा नव्हे. दाभोलकर खटल्याचा निकाल लागायला 10 मे 2024 उजाडलं. दोघांना जन्मठेप झाली, तिघं सुटले. मालेगावच्या 2008 च्या स्फोटातले सातही आरोपी 31 जुलै 2025 ला सुटले. त्याच्या दहा दिवस आधी उच्च न्यायालयानं 2006 च्या मुंबई लोकल स्फोटांतल्या बाराही जणांची शिक्षा रद्द केली. ते प्रकरण पुढं सर्वोच्च न्यायालयात गेलं. ज्यांनी अटकेच्या दिवशी नावानिशी शिव्या घातल्या ते कुठल्या तोंडानं आता बोलणार? आणि ज्यांनी सुटकेचे पेढे वाटले, त्यांना मेलेल्यांची आठवण कोण देणार? आरोपी सुटला म्हणून मेलेला माणूस जिवंत होत नाही. खून झाला एवढं तर निर्विवाद आहे, आणि निषेधाला तेवढं पुरतं.

आता वडाकडे बोट दाखवणाऱ्या तरुणाकडे. रायण्णानं हत्यार उचललं ते कित्तूरचं राज्य बळकावणाऱ्या सत्तेवर. त्याच्यामागं फौज येत होती, पुढं फास होता, आणि दोन्ही त्याला माहीत होतं. सकाळी दार उघडणाऱ्या 76 वर्षांच्या प्राध्यापकावर गोळी झाडून मोटारसायकलवरून पसार होण्याशी त्याचा काय संबंध? कलबुर्गींच्या हातात फार तर चष्मा असेल. रायण्णाचं नाव घेऊन अशा गोळीला आडोसा देणं हा त्या समाधीचा अपमान आहे, आणि हे नंदगडच्या माणसानं नाही सांगायचं तर कोणी सांगायचं?

अपमानावरून आठवलं. डिसेंबर 2021 मध्ये बंगळुरात शिवाजी महाराजांच्या पुतळ्यावर शाई फेकली गेली, आणि लगेच बेळगावात अनगोळला रायण्णाच्या पुतळ्याची विटंबना झाली. गाड्या फुटल्या, संचारबंदीसारखे दिवस गेले. पहिल्या प्रकाराचा निषेध मराठीत झाला, दुसऱ्याचा कन्नडमध्ये. उलटं झालं असतं तर? बंगळूरच्या कन्नड माणसांनी महाराजांच्या पुतळ्यापाशी आणि बेळगावच्या मराठी माणसांनी रायण्णाच्या पुतळ्यापाशी आधी जायचं. काही जण गेलेही असतील. मोठ्या आवाजात ते ऐकू आले नाहीत. पुतळ्यावरची शाई म्हणजे दहशतवाद नव्हे, मला ठाऊक आहे. पण आपल्यांनी केलेल्या लहान गुन्ह्यावर जिभेला वळण लागलेलं नसेल तर मोठ्या गुन्ह्याच्या दिवशी ती वळणार नाही.

बेळगावला ते वळण लागायला हरकत नव्हती. गांधीजी ज्या एकमेव काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले, ते डिसेंबर 1924 मध्ये इथं भरलं. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर त्याची खूण. तो माणूस इथं आला तेव्हा चौरीचौराला तीन वर्षंही झाली नव्हती. तिथं त्याच्याच चळवळीतल्या लोकांनी पोलीस चौकी जाळून 22 पोलिसांना मारलं, तर यानं देशभरचं आंदोलन थांबवलं आणि पाच दिवस उपवास केला. जवळचेही चिडले. एवढ्यासाठी एवढं? मलाही तो निर्णय राजकारण म्हणून बरोबर होता असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. पण ते पोलीस इंग्रज नव्हते, आणि मारणारेही परके नव्हते, आणि या दोन्ही गोष्टींचा उच्चार सगळ्यात आधी त्यानं केला.

म्हणून माझी सूचना साधी आहे. येत्या 30 ऑगस्टला खानापुरात एक सभा व्हावी. दाभोलकर, पानसरे, कलबुर्गी, गौरी लंकेश या चौघांची नावं त्याच क्रमानं घेतली जावीत, अर्धं बोलणं मराठीत आणि अर्धं कन्नडमध्ये व्हावं. कोणत्याही आरोपीचं नाव, कोणत्याही पक्षाचा झेंडा नको. महाराष्ट्र एकीकरण समितीच्या मंडळींनी यावं आणि कन्नड संघटनांच्या मंडळींनीही. सीमाप्रश्न 1 नोव्हेंबरला पुन्हा आहेच. नंदगडहून एक टेम्पो भरून माणसं मी आणतो. बाकीच्या गावांनी आपापलं बघावं.