नऊशे अठरा चौकोन

प्रिंटिंग इंजिनीअरिंगला ॲडमिशन घेतली तेव्हा सगळ्यांचा एकच प्रश्न, "म्हणजे नक्की काय? झेरॉक्स?" बाबांनी मात्र काही विचारलं नाही. गेली पंचवीस वर्षं ते मिरजेत लग्नपत्रिका छापतायत. आधी नुसतं स्क्रीन प्रिंटिंग, आता जोडीला एक इंकजेट.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तर वातावरण तंग! एका पार्टीनं तीनशे पत्रिका परत आणून टाकल्या होत्या. कुंकवाचा लाल चक्क राणी कलर आला होता. बाबांचं म्हणणं, "मशीनच तसलं आहे." आई गप्प.

मी म्हटलं, आपण याचं प्रोफाइल बनवू. एकच लाल दोन प्रिंटरवर, दोन कागदांवर वेगळा उमटतो. म्हणून ठरावीक आकड्यांचे रंग छापायचे, प्रत्यक्षात काय उमटलं ते मोजायचं आणि दोन्हींचा तक्ता फाइलमध्ये बांधायचा. १९९३ साली स्थापन झालेल्या आयसीसीनं या फाइलचा सर्वांना चालेल असा साचा ठरवून दिला. सरांच्या परवानगीनं लॅबमधला स्पेक्ट्रोफोटोमीटर घेऊनच आलो होतो.

पहिल्या दिवशी माती खाल्ली. ड्रायव्हरमधलं कलर करेक्शन बंद करायचंच विसरलो. म्हणजे प्रिंटरचा खरा स्वभाव कळायच्या आधीच त्याला पावडर लावलेली! सगळे कागद फुकट. दुसऱ्या दिवशी ते बंद करून ९१८ चौकोन पुन्हा छापले. ओल्या शाईचा रंग सुकताना बदलतो, म्हणून रात्रभर तसेच ठेवले.

सकाळी पांढऱ्या टाइलवर कॅलिब्रेशन केलं आणि बसलो. यंत्र पट्टीवरून एकसारख्या वेगानं सरकवायचं असतं. जरा हात अडखळला की एरर, ओळ पुन्हा. चौथ्या ओळीवर मी सहाव्यांदा अडकलो तेव्हा बाबा म्हणाले, "दे इकडे."

आणि काय सांगू! ओळीमागून ओळ, एकही चूक नाही. पंचवीस वर्षं स्क्वीजी ओढलेला हात तो! पाऊण तासात सगळं वाचून झालं.

प्रोफाइल लावून तीच पत्रिका छापली. कुंकू कुंकवासारखं आलं. मी दोन्ही पत्रिका शेजारी ठेवल्या. बाबांनी बराच वेळ बघितलं. "दोन्ही सारख्याच तर आहेत."

मला वाटलं चेष्टा करतायत. दोन्ही लाल मोजून दाखवले. लॅब मापनात 'बी' म्हणजे पिवळा-निळा अक्ष. जुन्याचा बी ६, नव्याचा ४०. एवढा फरक आंधळ्यालाही दिसेल, असं म्हणणार होतो. बरं झालं, म्हटलं नाही.

मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग पिवळट होतं आणि निळा प्रकाश अडवतं. पिवळी शाईही तेच करते. मग शाई कमी पडली तरी कळणार कसं? बाबा महिनोन्‌महिने नजरेनं रंग जुळवत होते, आणि दोष मशीनला देत होते. आईला बहुतेक ठाऊक होतं.

बाबा आकड्यांकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "डॉक्टरकडे कधी जायचं?"

जानेवारीत ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर त्यांनी आधी ती परत आलेली पत्रिका मागितली. उजेडात धरली आणि ओरडलेच, "अरे, हा तर राणी आहे!"