‘आढळले नाही’ लिहिण्याआधी

नाशिकमध्ये ‘रेसिड्यू’ हा शब्द द्राक्षांमुळे घरोघरी पोचला. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली, त्या हंगामाची झळ निफाड-दिंडोरीच्या बागायतदारांना चांगलीच बसली. निर्यातीआधी नमुना तपासून घेणं आता त्यांच्या अंगवळणी पडलं आहे.

मी तपासतो ते कोंबड्यांचं आणि जनावरांचं खाद्य. मका, सोयापेंड, कोंडा यांच्या भरड्यात औषधाचा अंश शोधायचा. हे खाद्य द्राक्षाइतक्याच काळजीनं तपासलं जावं, असं मला मनापासून वाटतं. त्यातलं औषध अंड्या-दुधातून आपल्या ताटात येऊ शकतं. शिवाय थोडं थोडं रोज पोटात जाणाऱ्या प्रतिजैविकामुळे जिवाणू निर्ढावतात. कोलिस्टिन हे माणसासाठी शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेलं औषध. ते कोंबड्यांची वाढ व्हावी म्हणून खाद्यात मिसळलं जाई. २०१९ मध्ये केंद्र सरकारनं अन्नासाठी पाळलेल्या जनावरांकरता त्यावर बंदी घातली.

तपासणीची खरी सुरुवात गोणीपाशी होते. औषधाची पूड सगळीकडे सारखी मिसळलेली नसते, वाहतुकीत हादऱ्यांनी बारीक कण खाली जातात. म्हणून लॉटमधल्या वेगवेगळ्या गोण्यांत परखी खुपसून वरचं, मधलं, तळचं खाद्य काढायचं. त्याचा ढीग करून चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, ते मिसळून पुन्हा तेच करायचं. उरेल ते बारीक दळायचं. शेवटी मी तोलतो जेमतेम दोन ग्रॅम, आणि त्यांनी अख्ख्या लॉटच्या वतीनं बोलायचं असतं.

मग औषध सोडवून घ्यायचं. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात कवचासाठी शिंपल्यांचा चुरा आणि चुनखडी असते. कॅल्शिअम साडेतीन-चार टक्क्यांच्या घरात. टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक या कॅल्शिअमला घट्ट धरून बसतं. साध्या द्रावकानं काढायला गेलं तर बरंचसं औषध भरड्यातच राहतं आणि आलेख निर्मळ दिसतो. म्हणून आम्ही ईडीटीए घातलेला आम्लधर्मी बफर वापरतो. ईडीटीए कॅल्शिअमला आपल्याकडे ओढतं, औषध सुटं होऊन द्रावणात उतरतं.

पुढे एलसी-एमएस यंत्र. औषध ठरलेल्या वेळी स्तंभातून बाहेर पडतं, यंत्र त्याच्या रेणूचे तुकडे करतं. वेळ जुळली, दोन ठरावीक तुकडे दिसले आणि त्यांचं एकमेकांशी प्रमाणही जुळलं, तरच ओळख पटली म्हणायचं. पण मक्याचं तेल आणि पेंडीतले घटक यंत्राचा संकेत दाबतात. त्यासाठी औषध नसल्याची खात्री असलेल्या खाद्यात मोजून औषध घालायचं आणि हाती किती येतं ते पाहायचं. शंभरातले साठच परत आले, तर उरलेले चाळीस कुठे राहिले हे शोधल्याशिवाय त्या दिवशीचा एकही अहवाल मी सोडत नाही.

एवढा आटापिटा का, ते फीडमिलमध्ये कळतं. ब्रॉयलरच्या खाद्यात कॉक्सिडिओसिस हा आतड्यांचा रोग रोखायला सॅलिनोमायसिन घालतात. मिक्सरच्या कोपऱ्यात राहिलेलं ते खाद्य पुढच्या बॅचमध्ये जातं. ती बॅच घोड्याच्या वाट्याला आली, तर थोडी मात्राही त्याच्या जिवावर बेतू शकते. यात कुणी मुद्दाम काही केलेलं नसतं. औषधाच्या बॅचनंतर साधा मक्याचा भरडा मिक्सरमधून फिरवून बाजूला काढला, तरी धोका पुष्कळ कमी होतो. तो पुरेसा फिरवला का, हे मात्र तपासणीच सांगते.

औषध सापडलं, तर आलेखच बोलतो. सापडलं नाही, तेव्हा सारी भिस्त तपासणाऱ्यावर असते: नमुना नीट घेतला का, औषध सुटं झालं का, यंत्राला इतकी कमी मात्रा दिसते का. म्हणून पोल्ट्रीवाल्यांना आणि गोठेवाल्यांना माझी कळकळीची विनंती आहे. अहवालावर ‘आढळले नाही’ असेल, तर कोणत्या मात्रेपर्यंत शोधलं आणि नमुना कसा घेतला, हे प्रयोगशाळेला जरूर विचारा. नीट काम करणाऱ्याला हा प्रश्न आवडतो आणि त्याचं उत्तर त्याच्याकडे लेखी असतं.