पेट्रोलच्या टाकीचं झाकण



मागचे दोन महिने इथे काही लिहिणं झालं नाही. आमचे बहुतेक शनिवार एका जुन्या मोटारसायकलपुढे उकिडवं बसण्यात गेले. त्याचीच हकीकत आज सांगतो. ती आमच्या लौकिकाची नाही, हे आधीच कबूल करतो.

आजाऱ्यांना घरी जाऊन पवित्र कम्युनियन देण्याची सेवा आम्ही तिघं करतो. बेळगाव शहरातली घरं सायकलनं, रिक्षानं होतात. पण जांबोटीच्या वाटेवर आमची चार-पाच घरं आहेत आणि तिकडची बस चुकली की दिवस गेला. म्हणून वर्गणी काढून १८,००० रुपयांना शंभर सीसीची, बारा वर्षं वापरलेली गाडी घेतली. विकणारे काका आपल्याच चर्चमधले, रविवारी सकाळच्या मिस्साला तिसऱ्या बाकावर बसणारे. त्यांनी त्याच दिवशी फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून दिल्या. आरसी, विम्याचा कागद, दुसरी किल्ली, सगळं हातात ठेवलं. वर, "पावसाळ्याआधी मागचे ब्रेकशू बघून घ्या," असंही सांगितलं.

जुनी गाडी म्हटली की लहानसहान कामं निघणारच. चेन इतकी सैल होती की झोपाळ्यासारखी हलायची. मधोमध बोट लावलं तर दोन-अडीच सेंटिमीटर वरखाली व्हावी, इतपत ती ताणली. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आल्या की नाही ते तीनदा पाहिलं, कारण एक बाजू पुढेमागे राहिली तर चाक तिरकं बसतं. क्लचच्या केबलची तार टोकाला उसवली होती, ती बदलली. मागचा ब्रेक दाबला तरी लाल दिवा लागत नव्हता. आम्ही नवा बल्ब आणला, तरी लागेना. शेवटी बघतो तर पेडलजवळच्या स्विचची स्प्रिंगच निसटलेली. एअर फिल्टर काळाकुट्ट. ब्रेकशू काका म्हणाले तसे झिजलेलेच निघाले. आमच्यातला एक जण उद्यमबागेत लेथवर काम करतो. पाने त्याचे, कष्ट त्याचे आणि बाकी दोघांचे सल्ले. खरं सांगायचं तर त्या शनिवारी फार मजा आली.

मग पाऊस सुरू झाला. बेळगावचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे आणि जांबोटीकडचा तर त्याच्याही वरचढ. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणातून पाणी आत जाईल या भीतीनं आम्ही झाकणावर दुधाची रिकामी पिशवी घातली आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून ती घट्ट आवळून टाकली. आपली ही युक्ती आम्हाला बरीच आवडली होती.

जुलैच्या पहिल्या शुक्रवारी पिरनवाडीहून जांबोटीकडे वळलो, किणये गाठलं आणि गाडी दोन आचके देऊन बंद पडली. पट्टी सोडली, झाकण उघडलं, गाडी हलवून बघितली. पेट्रोल होतं. पिशवी पुन्हा बांधली, किक मारली, गाडी सुरू! इंजिन तापलं असेल, असं म्हणून पुढे गेलो. घरी येताना पुन्हा तेच. शहरात मात्र चार दिवस फिरवली तरी तक्रार नाही. मिस्त्रीकडे नेली. त्यानं पिशवी काढून बाजूला टाकली, कार्बोरेटर साफ केला, प्लग बदलला, एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, "गाडी एकदम ठीक आहे की हो." १,४०० रुपये दिले. घरी आल्यावर नवी पिशवी बांधली.

ऑगस्टच्या पहिल्या शुक्रवारी कुसमळीच्या अलीकडे गाडी बंद पडली. पाऊस असा की समोरचं झाड दिसेना. त्या दिवशी काही केल्या सुरू होईना, कारण पावसात झाकण उघडायचं नाही असं आम्हीच ठरवलं होतं. किक मारून मारून पाय दुखला. आणि मग आमच्या तोंडून काकांबद्दल जे निघालं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. "फसवलं आपल्याला. दोष लपवून गाडी गळ्यात मारली. म्हणूनच एवढ्या घाईनं सह्या केल्या." रेनकोटच्या आत, छातीशी, पिक्समध्ये प्रभू होता. हे त्या वेळी आमच्यापैकी कुणाच्याही लक्षात आलं नाही.

दहाला पोहोचायचं ते दुपारी दोनला पोहोचलो. त्या घरच्या आजी पंच्याऐंशीच्या पुढच्या. आजारी माणसाला कम्युनियनच्या आधीच्या उपवासाची सक्ती नाही, हे त्यांना फादरनी दोनदा समजावलंय, पण आजी ऐकत नाहीत. सून दारातच म्हणाली, "सकाळपासून चहासुद्धा घेतला नाही हो त्यांनी. येतो म्हणालेत म्हणजे येणार, एवढंच म्हणत बसल्यात." आजींचे हात थरथरत होते. आम्हाला बघून त्या म्हणाल्या, "भिजलात रे बाळांनो." कम्युनियन झाल्यावर त्यांनी पहिल्यांदा आमच्यासाठी चहा ठेवायला लावला, आणि मग स्वतः पेज घेतली.

त्या पेजेचा सगळा राग आम्ही रविवारी मिस्सानंतर अंगणात काढला. कुणी गाडीचं विचारलं की सुरू. काकांचं नाव घ्यायलाही मागेपुढे पाहिलं नाही. निदान सहा-सात जणांना सांगितलं असेल.

दोन शनिवारांनी, पाऊस उघडलेला असताना, मुद्दाम गाडी त्याच रस्त्यावर काढली. किणयेला ठरल्याप्रमाणे बंद. पण या वेळी रस्ता शांत होता, ना पाऊस, ना वारा. लेथवाल्या भावानं पिशवी सोडून झाकणाची किल्ली फिरवली आणि आम्हा तिघांनाही स्पष्ट ऐकू आलं. फुस्स. टाकीनं श्वास घेतला.

तो तसाच झाकण हातात धरून उभा राहिला. मग म्हणाला, "आपणच गुदमरवलं हिला."

या गाडीत पेट्रोल टाकीतून आपल्या वजनानंच खाली कार्बोरेटरमध्ये उतरतं. जेवढं पेट्रोल खाली जातं, तेवढी हवा वरून आत यावी लागते, आणि त्यासाठी झाकणाला सुईच्या टोकाएवढी वाट असते. ती वाट आम्ही दुधाच्या पिशवीनं बंद केली होती. पंधराएक किलोमीटरमध्ये आत पोकळी तयार व्हायची आणि पेट्रोल उतरायचं थांबायचं. शहरातल्या छोट्या चकरांत एवढा वेळच मिळत नव्हता. झाकण उघडलं की हवा आत जायची, आणि आम्हाला वाटायचं इंजिन थंड झालं. पिशवी खिशात घालून आम्ही थेट जांबोटी गाठली आणि परत आलो. गाडी एकदाही अडली नाही.

परतताना कुणी फारसं बोललं नाही. मत्तयच्या सातव्या अध्यायातलं कुसळ आणि मुसळ आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना दर वर्षी शिकवतो, चित्रं काढून. फादरना सगळं सांगितलं. ते हसतील असं वाटलं होतं, पण हसले नाहीत. एवढंच विचारलं, "कुणाकुणाला सांगितलंत? यादी करा." कुमसार केला म्हणजे काकांचं नाव आपोआप धुऊन निघत नाही, ते जिथे मळवलं तिथे जाऊन धुवावं लागतं, असं त्यांचं म्हणणं.

पहिल्यांदा काकांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं. "कळलं होतं मला," म्हणाले. "म्हणूनच संध्याकाळच्या मिस्साला जायलोय हल्ली." तेव्हा कुठे आमच्या ध्यानात आलं की तिसरा बाक महिनाभर रिकामा होता. आम्हाला खाली बघवेना की वर बघवेना. काका आत गेले आणि जाड रबराचं एक जुनं टोपण घेऊन आले, झाकणावर बसेल असं, बाजूला छोटं भोक पाडलेलं. "पावसासाठी मी करून घेतलेलं. गाडीबरोबर द्यायचं राहिलंच बघा माझ्याकडून," म्हणाले. चूक आमची, आणि राहून गेल्याचं तेच म्हणत होते.

मग यादी. एका बाईंनी दारातच उभं ठेवलं, तेही रास्तच होतं. एक मामा म्हणाले, "सोडा हो, एवढं काय त्यात." पण मावशी ऐकता ऐकता गप्प झाल्या आणि मग हळूच म्हणाल्या, "मी तर ते आणखी तिघींना सांगितलं रे."

त्या तिघींपैकी दोघींकडे मावशीच आमच्याबरोबर आल्या. तिसरी मुलीकडे वास्कोला गेलीय, नाताळाला येईल. तिचं नाव कागदावर तसंच आहे.