आम्ही दिलेली शपथ

गुरुदीक्षेनंतरच्या पंचवीस वर्षांत आम्ही किती जणांना दारू सोडण्याची शपथ दिली, याची मोजदाद ठेवलेली नाही. वेदीसमोर गुडघे टेकायचे, क्रूसावर हात ठेवायचा, 'आयुष्यात पुन्हा थेंबाला शिवणार नाही' असे म्हणायचे आणि आम्ही मस्तकावर हात ठेवून आशीर्वाद द्यायचा, असा तो रिवाज. त्यांतील किती शपथा टिकल्या, हे विचारण्याचे धैर्य मात्र आम्हांला फार उशिरा आले. ज्या प्रसंगाने ते आले, तो येथे संबंधितांच्या संमतीने सांगत आहोत. तो पापनिवेदनातला नव्हे. आणि नाव-गाव आम्ही मुद्दामच देत नाही.

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याच्या उत्तर भागात, उसाच्या पट्ट्यात आमचे धर्मग्राम. काही वर्षांपूर्वी हरेगावची मतमाउलीची यात्रा आटोपून परतलेला एक गृहस्थ आमच्याकडे आला. डोळे तांबारलेले, हातांना कंप. दोन मुली लग्नाच्या, अर्धी जमीन गहाण. रडत रडत त्याने शपथ घेतली आणि आम्ही समाधानाने निजलो.

दुसऱ्या रात्री त्याला फेफऱ्यासारखे झटके आले. कोणी म्हणाले शपथेचा कोप, कोणी म्हणाले बाहेरची बाधा. रुग्णालयातील डॉक्टरांनी आम्हांला बाजूला घेऊन समजावले, की वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली तर शरीरच बंड करते. झटके येतात, भ्रम होतो, प्रसंगी प्राणही जातो. अशा माणसाची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी लागते. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकलो; एवढी साधी गोष्ट आम्हांला ठाऊक नव्हती.

तो वाचला. महिन्याभरात पुन्हा पिऊ लागला आणि रविवारी दिसेनासा झाला. आम्ही चौकशी केली तेव्हा त्याची पत्नी म्हणाली, "फादर, दारू काही सुटली नाही, मिस्साच सुटली. शपथ मोडून फादरपुढं कसं जायचं, म्हणत्यात."

त्या वाक्याने आमची झोप उडाली. दारूच्या गुत्त्याचे दार त्याला पूर्वीइतकेच उघडे होते. आमच्या शपथेने बंद झाले ते प्रभुमंदिराचे.

पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राविषयी आम्ही ऐकून होतो. तेथे उपचार घेऊन तो परतला, तो एक सूचना घेऊनच: गावी एकटे राहू नका, सभा शोधा. सभा म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमसची. दारूच्या पाशातून सुटू पाहणाऱ्यांनी एकमेकांसाठी चालविलेली. अशी एक सभा तालुक्याच्या गावी, शाळेच्या एका खोलीत, दर आठवड्याला संध्याकाळी भरते, असे शोधाअंती कळले. ती संपेपर्यंत आमच्या गावची शेवटची एस.टी. निघून जाई. तेव्हा आम्हीच त्याला मोटारसायकलवर मागे बसवून नेले.

आत दहा-बारा माणसे होती. शिक्षक, ट्रकचालक, ऊसतोडीचा मुकादम. आम्हांला पुढची खुर्ची मिळेल, असे सवयीने वाटले. "बसा कुठंही," एवढेच उत्तर आले. सभा खुली होती म्हणून आम्हांला बसता आले. काही सभा केवळ मद्यपींसाठीच असतात. प्रत्येक जण आडनाव न सांगता नाव सांगे, 'मी मद्यपी आहे' म्हणे आणि आपली हकिकत मांडी. मध्ये कोणी बोलेना, उपदेश करीना. सभासद होण्यास फी नाही; अट एकच, पिणे थांबविण्याची इच्छा. आयुष्यभराची शपथ कोणी मागितली नाही. फक्त आजचा दिवस. दीड तास आम्ही गप्प बसून ऐकले.

पुढे वाचनात आले, की हे कार्य १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन शहरी दोन मद्यपींच्या भेटीतून सुरू झाले. त्यांतील एक, डॉ. बॉब स्मिथ, स्वतः शल्यविशारद. १९३९ साली त्याच शहरातील कॅथलिक रुग्णालयात सिस्टर इग्नेशिया या व्रतस्थ भगिनीने पोटाच्या विकाराचे निमित्त सांगून मद्यपीला खाट मिळवून दिली, कारण दारुड्याला कोणी दाखल करून घेत नसे. देह आधी सावरावा, मग मन, हे त्या भगिनीने ओळखले होते.

दिवाळीत आमचा गृहस्थ घसरला. पुढच्या सभेला तो मान खाली घालून गेला. का मोडलेस, असे कोणी विचारले नाही. "आलात, बरं झालं," म्हणून त्याच्या हाती चहा दिला. उधळ्या पुत्राच्या दृष्टांतावर आम्ही कितीदा प्रवचन केले असेल. त्या संध्याकाळी तो डोळ्यांनी पाहिला.

आता एक सभा आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहात भरते. जागा फुकट देऊ केली, ती त्यांनी नाकारली. बाहेरची मदत घ्यायची नाही, हा त्यांचा दंडक. थोडके का होईना, भाडे देतात. खुर्च्या मांडायला आमचा तो गृहस्थ सर्वांआधी येतो. रविवारी मिस्सालाही येतो.

वाचकहो, आपल्या घरात हे दुखणे असेल तर लपवू नका. शासनाच्या १४४४६ या क्रमांकावर विनामूल्य मार्गदर्शन मिळते. आमच्याकडे आजही कोणी शपथ मागायला येतो. आम्ही आशीर्वाद देतो, आधी डॉक्टरांकडे नेतो आणि सभेच्या दिवशी मोटारसायकल बाहेर काढतो.