ऐकणारे किती?
कझाक चित्रपट दिग्दर्शक दारेजान ओमिरबाएव यांना अनावृत पत्र

आदरणीय दारेजान ओमिरबाएव,


तुमचे आभार मानायचे आहेत आणि एक मागणंही आहे, म्हणून हे पत्र.

1958 साली कझाकस्तानातल्या एका खेड्यात तुम्ही जन्मलात. आधी गणित शिकलात, मग मॉस्कोच्या चित्रपट संस्थेत सिनेमाचा अभ्यास केलात. ती गणिताची शिस्त तुमच्या प्रत्येक दृश्यात जाणवते. जे लागत नाही, ते तुम्ही ठेवतच नाही.

‘शिल्दे’ (1988) या तुमच्या लघुपटात गावातली दोन पोरं भारतीय सिनेमाच्या तिकिटासाठी खरबुजं चोरायला निघतात. आमच्या सिनेमाची एवढी ओढ तुमच्या गवताळ मुलखात होती, हे पाहून ऊर भरून आला.

‘कार्डिओग्राम’ या चित्रपटातला मुलगा उपचारासाठी आल्माटीजवळच्या आरोग्यधामात येतो. त्याला येते फक्त कझाक आणि भोवताली सगळे रशियन बोलणारे. आपल्याच देशात त्याची वाचा बसते. भाषेवर भाषण न देता तुम्ही त्या मुलाला नुसतं बघत राहता, आणि आम्हाला सगळं उमगतं.

पुढे सोव्हिएत संघ गेला, बाजार आला. ‘किलर’मधला ड्रायव्हर मरात बायकोला आणि तान्ह्या बाळाला दवाखान्यातून घरी नेत असताना पुढच्या मर्सिडीजवर आदळतो. धक्का किरकोळ, पण भरपाई त्याच्या ऐपतीबाहेरची. मग कर्ज, कर्जापायी लाचारी, आणि शेवटी हातात पिस्तूल. 1998 साली कान महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला. माझ्या मनात मात्र घर करून राहिला तो मरातचा निर्विकार चेहरा. गरीब माणूस किती थोडक्यात संपतो, हे तुम्ही आवाज न चढवता सांगितलंत.

आणि ‘पोएट’ (2021). वर्तमानपत्रात नोकरी करणारा कवी दिदार दूरच्या गावी काव्यवाचनाला जातो. सभागृहात ओळीने रिकाम्या खुर्च्या. आलेली असते एकच तरुणी, तीही अडखळत बोलणारी. याच चित्रपटात तुम्ही महाम्बेतची कथा गुंफलीत. सत्तेशी वैर पत्करलेल्या या कवीचा 1846 साली खून झाला, पण त्याचं नाव कझाक लोकांनी आजवर जपलं. टोकियो महोत्सवात तुम्हाला सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा पुरस्कार मिळाला, तो याच चित्रपटासाठी.

ऐकणारे किती, हा प्रश्न मराठीत लिहिणाऱ्यांनाही रोज छळतो. दिदारला पाहिल्यापासून मला वाटू लागलं, की डोकी मोजण्यात आपण फार वेळ घालवतो. जो एक माणूस वाट वाकडी करून आला, त्याच्यासाठी आपण मन लावून काम केलं का, एवढंच आपल्या हाती असतं. तुम्ही तीस वर्षांहून अधिक काळ ते करत आलात. याबद्दल मनापासून आभार.

मागणं एवढंच: गर्दीची फिकीर न करता पुढचा चित्रपटही असाच करा, आणि तो कझाकमध्येच करा.

आपली,
एक प्रेक्षक